देणाऱ्याचं मन आणि घेणाऱ्याचा मान

या अंकासाठी आलेल्या पत्रांत निम्म्याहून अधिक पत्रं दानाविषयीची आहेत. मी पाळक नाही, ईश्वरविज्ञानाचं शिक्षणही घेतलेलं नाही. मंडळीच्या मदतनिधीची वही सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्या वहीने आणि शास्त्राने मिळून जे शिकवलं, तेवढ्यावरून उत्तरं देते आहे. नेहमीप्रमाणे नावं काढली आहेत आणि पत्रं थोडी छाटली आहेत.

प्रश्न : मावशी, सप्रेम सलाम. आमच्या मंडळीतल्या एका मुलाच्या नर्सिंगच्या शिक्षणाची फी मी भरली. माझा पगार मोठा नाही, तरी आनंदाने भरली. त्याला आता चांगली नोकरी लागली आहे. पण उपासना संपली की तो माझी नजर चुकवून दुसऱ्या दाराने निघून जातो. नोकरी लागल्याची बातमीसुद्धा मला दुसऱ्यांकडून कळली. मला फार लागलं. आणि लागलं याचंच आता वाईट वाटतं, कारण निःस्वार्थपणे दिलं असतं तर लागायला नको होतं. माझं देणं ढोंगी होतं का?

उत्तर : नाही, ताई. फी भरली गेली, मुलगा शिकला, आज तो कुणा आजाऱ्याच्या उशाशी उभा राहून औषध देतो आहे. तुमच्या मनात तेव्हा काय होतं आणि काय नव्हतं, यामुळे त्या आजाऱ्याला काही कमी मिळत नाही. आपला हेतू अगदी निर्मळ झाल्यावर देऊ, असं म्हणत थांबलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या हातून काही सुटत नाही. आणि देऊन झाल्यावर हेतू तपासत बसलं, की आपलं लक्ष गरजवंतावरून उठून पुन्हा आपल्यावरच येतं.

लागलं, त्यातही पाप नाही. लूकच्या सतराव्या अध्यायात येशूने दहा कुष्ठरोग्यांना शुद्ध केलं आणि आभार मानायला एकच परतला, तोही शोमरोनी, म्हणजे यहूदी ज्यांना परके मानत त्यांच्यातला. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं प्रभूने विचारलंच. त्यालाही ते जाणवलं. पण त्या नऊ जणांचा कुष्ठरोग परत आला, असं लूक कुठेही लिहीत नाही. दिलेलं त्याने परत घेतलं नाही, त्यांना शोधायला माणसं पाठवली नाहीत, परतलेल्याला त्या नऊ जणांची नावं विचारली नाहीत. मला वाटतं, निःस्वार्थ देणं म्हणजे हेच. मनात काही उमटूच नये, अशी अट त्यात नाही. दिलेल्या वस्तूवरचा आपला हक्क मात्र तिच्याबरोबर द्यायचा असतो.

आता मी तुम्हाला एक विचारते. तुम्ही फी भरलीत, हे मंडळीत किती जणांना ठाऊक आहे?

तुम्ही स्वतः सांगत फिरला असाल, असं मी म्हणत नाही. कुणी साक्षीत सांगतं, कुणी प्रार्थनेत तुमचं नाव घेऊन धन्यवाद देतं, त्याची आई कौतुकाने दहा ठिकाणी बोलते. मग तो मुलगा दर रविवारी उपासनेला येतो, तो ‘ताईंनी शिकवलेला मुलगा’ म्हणून. नोकरी लागली तरी त्याची ओळख तीच राहते. तुम्ही दिसलात की त्याला तुम्ही दिसत नाही, फी दिसते. दुसरं दार त्याने कृतघ्नपणामुळेच धरलं असेल असं मानू नका. ते लाजेमुळेही असू शकतं. आमच्या वहीत अशी किती तरी घरं होती. पैसे घेईपर्यंत जवळ होती, घेतल्यावर लांब गेली.

उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू देऊ नये, हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं वचन आपण नेहमी देणाऱ्याच्या भल्यासाठी वाचतो : त्याला गर्व होऊ नये, त्याचं प्रतिफळ बुडू नये. मी ते घेणाऱ्याच्या बाजूनेही वाचते. गुप्त दिलं तर घेणाऱ्याला चारचौघांत मान वर करून चालता येतं. कर्णे वाजवून दान करणाऱ्यांविषयी येशू बोलतो तेव्हा त्या कर्ण्यांचा आवाज ज्याच्या झोळीत नाणं पडलं त्यालाही ऐकू जात असणारच.

मग आता काय करायचं? त्याला गाठून ‘तू मला टाळतोस का’ असं विचारू नका. त्याच्याकडे काहीतरी मागा. अगदी खरं काहीतरी, उगाच नाटक नको. घरात कुणाच्या जखमेचं ड्रेसिंग असेल, एखादा रिपोर्ट समजून घ्यायचा असेल, त्याच्या कामातलं काही असेल. योहानाच्या चौथ्या अध्यायात येशूजवळ त्या शोमरोनी बाईला द्यायला जिवंत पाणी होतं, आणि तरी सुरुवात त्याने कशाने केली? ‘मला प्यायला पाणी दे.’ लोक ज्याला पापी म्हणत त्या जकातदार जक्कयाकडेही तो आधी पाहुणा म्हणून गेला. ज्याच्याकडून आपण काही घेतो त्याच्यापुढे आपण उंच उभे राहू शकत नाही, आणि प्रभूने ते जाणूनबुजून केलं असं मी मानते. त्या मुलालाही तुम्हाला काहीतरी देऊ द्या. आणि फीचा विषय तुमच्या तोंडून पुन्हा कधीही निघू देऊ नका, त्याच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही.

प्रश्न : माझे पती दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, काटेकोरपणे देतात. त्याशिवाय प्रत्येक विशेष अर्पणात, प्रत्येक सुवार्ताकार्यासाठी ते वचनपत्र भरतात, म्हणजे पुढे इतकी रक्कम देईन असं लिहून देतात. घरभाडं थकलेलं असतं. सासूबाईंची औषधं माझ्या पगारातून येतात. काही बोलले तर म्हणतात, ‘तुझा विश्वास कमी पडतो. त्या विधवेने सगळं दिलं, आठवतं ना?’ मी खरंच अल्पविश्वासी आहे का?

उत्तर : हे उत्तर तुम्ही दोघांनी एकत्र बसून वाचावं, अशी माझी इच्छा आहे.

दादा, तुमच्या मनाची ओढ खरी आहे याबद्दल मला शंका नाही. पण आईच्या औषधाचे पैसे अर्पणाच्या पाकिटात घालण्याविषयी प्रभू येशू अगदी उघड बोलला आहे. मार्कच्या सातव्या अध्यायात ‘कुर्बान’ची गोष्ट आहे : आईबापांना ज्याचा उपयोग झाला असता ते मी देवाला वाहून टाकलं, असं मुलाने म्हणायचं आणि जबाबदारीतून सुटायचं. यामुळे तुम्ही देवाचं वचन रद्द करता, असं येशूने त्या शिकवणाऱ्यांना सुनावलं. पहिल्या तीमथ्याच्या पाचव्या अध्यायात तर, जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट, इतके कडक शब्द आहेत.

विधवेविषयी. मंदिराच्या दानपेटीत तिने जी दोन नाणी टाकली ती तिची स्वतःची होती. दुसऱ्या कुणाच्या ताटातून तिने ती उचलली नव्हती. शिवाय तो उतारा एकटा काढून वाचू नका. मार्क १२:४१ च्या लगेच आधी, चाळिसाव्या वचनात, विधवांची घरं गिळून टाकणाऱ्या शास्त्र्यांना येशूने धिक्कारलं आहे. आणि तिचं दान पाहून बाहेर पडल्याबरोबर, तेराव्या अध्यायाच्या सुरुवातीला, या मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही असं तो सांगतो. तिच्या मनाचा त्याने गौरव केला, यात वाद नाही. पण गरिबाच्या घरातलं शेवटचं नाणं काढून घेण्यासाठी तिचा दाखला वापरणं मला सहन होत नाही, मग ते व्यासपीठावरून असो की घरातल्या घरात.

तुम्ही कदाचित मासेदोनियाच्या मंडळ्यांचं नाव घ्याल. त्यांनी दारिद्र्यात असूनही शक्तीपलीकडे दिलं. खरं आहे, पण आपखुशीने, असंही पौल तिथेच लिहितो. आणि त्याच अध्यायात, २ करिंथ ८:१२ मध्ये, माणसापाशी जे आहे त्याप्रमाणे त्याचं दान मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नाही, असा खुलासा करतो. पुढच्याच वचनात तो सांगतो की दुसऱ्यांना आराम मिळावा आणि तुम्हाला ओढाताण व्हावी असा हेतू नाही. तुमच्या घरातली आपखुशी सध्या एकट्याची आहे.

ताई, तुमचा विश्वास कमी पडलेला नाही. एक मात्र सांगते. भाडं आणि औषधं यांच्या मागे लपून देणंच बंद करायचं, असंही होऊ देऊ नका. पगाराच्या दिवशी दोघांनी वही घेऊन बसा. भाडं, औषध, थकलेली देणी आधी लिहा. मग दोघांच्या मनाला पटेल असा आकडा अर्पणासाठी ठरवा, लहान असला तरी चालेल. वचनपत्र सभेत बसून एकट्याने भरायचं नाही, ते घरी आणायचं.

प्रश्न : एका सभेत ऐकलं की जेवढं पेराल त्याच्या शंभरपट देव परत देतो, आणि मिळत नसेल तर तुमच्या पेरण्यात खोट आहे. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही.

शंभरपटीचं वचन मार्क १०:३० मध्ये आहे, आणि तिथे ‘छळणुकीबरोबर’ असाही शब्द आहे. तो त्या सभेत वाचला गेला का? तिथे जे मिळणार आहे त्यात घरं आहेत, भाऊ, बहिणी, आया आहेत. मी ते असं समजते की मंडळीतली सगळी घरं आपल्याला उघडी होतात. प्रभूसाठी घरदार सोडावं लागलेल्यांना ते खूप काही असतं.

‘द्या म्हणजे तुम्हाला दिले जाईल’ हे लूक ६:३८ मधलं वचनही तसंच. त्याच्या थोडंच वर, पस्तिसाव्या वचनात, परतफेडीची आशा न धरता उसने द्या, असं स्वतः प्रभूच सांगतो. तेच तोंड तीन वचनांनंतर नफ्याचा सौदा कसा सांगेल?

मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातल्या ‘भांडारा’चा दाखला नेहमी देतात. ते भांडार धान्याचं होतं. दशमांश येईनासा झाला की काय होत असे, ते नहेम्याच्या तेराव्या अध्यायात वाचा. मंदिरात सेवा करणाऱ्या लेव्यांना त्यांचा वाटा मिळेना, म्हणून ते सेवा सोडून आपापल्या शेतांकडे निघून गेले. मग नहेम्याने कोठारांवर कारभारी नेमले, आणि का नेमले? कारण ते विश्वासू समजले जात होते, आणि आपल्या भाऊबंदांना वाटून देण्याचं काम त्यांचं होतं. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायाप्रमाणे दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा, म्हणजे लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी खाऊन तृप्त व्हावं. दशमांश मागणाऱ्या प्रत्येकाला हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे : यातून कोण जेवलं?

आणि पेरण्यात खोट असल्याचा दोष गरिबाच्या माथी मारणं फार क्रूर आहे. ज्यांनी दिलं आणि तरी ज्यांच्या घरी आजारपण आलं, अशा माणसांची नावं आमच्या वहीत दोन्ही बाजूंना आहेत, देणाऱ्यांत आणि घेणाऱ्यांत.

प्रश्न : मदत मागणाऱ्यांत फसवे किती तरी असतात. कसं ओळखायचं? न ओळखता दिलं तर ते पाप आहे का?

उत्तर : हा प्रश्न मंडळीइतकाच जुना आहे. ‘दिडाखे’ म्हणजे बारा प्रेषितांची शिकवण नावाची एक अगदी आरंभीच्या काळातली पुस्तिका आहे. तिची हस्तलिखित प्रत १८७३ साली कॉन्स्टंटिनोपलला सापडली. तिच्या पहिल्याच अध्यायात आधी सांगितलं आहे की मागेल त्या प्रत्येकाला दे, आणि मग लगेच, कुणाला देतोस ते कळेपर्यंत तुझं दान तुझ्या हातात घामेजू दे. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी. गरज नसताना घेणाऱ्याला हिशोब द्यावा लागेल, असंही तिथे आहे, म्हणजे तो हिशोब घेणाऱ्याचा.

चौथ्या शतकात अंत्युखियात उपदेश करणारा योहान क्रिसोस्तोम दुसऱ्या टोकाला उभा होता. दान करणारा बंदरासारखा असावा, असं तो श्रीमंत माणूस आणि त्याच्या दारातला गरीब लाजर यांच्या दाखल्यावर बोलताना म्हणाला. जहाज फुटून आलेला चांगला की वाईट हे बंदर विचारत नाही. मी मनाने त्याच्या बाजूची आहे.

पण स्वतःचे पैसे देणं आणि मंडळीचे देणं यात फरक आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. आपल्या खिशातलं द्यायचं असेल तर क्रिसोस्तोमचं ऐका. फसलात तरी नुकसान तुमचं, आणि ते तुम्ही सोसू शकता. निधी इतरांनी विश्वासाने ठेवलेला असतो, तिथे चौकशी हवी. आमच्याकडे दोघांनी घरी जाऊन भेटायचं, तिसऱ्याने फक्त वही लिहायची, अशी रीत होती. विचारायचं तेवढंच : गरज काय, कधीपर्यंत, आणखी कुणी मदत करतं का. उपासनेला किती वेळा येता, हे विचारायचं नाही. ते विचारलं की लोक मदतीसाठी उपासनेला येऊ लागतात, आणि मग उपासनाही त्यांची राहत नाही. इ. स. ३६२ च्या सुमारास, ख्रिस्ती विश्वास सोडलेला रोमी सम्राट जुलियन आपल्या एका पुरोहिताला चिडून लिहितो की हे गालीली लोक (म्हणजे ख्रिस्ती) स्वतःच्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात. विरोधकाने दिलेली ती साक्ष मला फार मोलाची वाटते.

प्रश्न : मावशी, माझं सगळं आयुष्य देण्यात गेलं. मंडळीच्या मदत समितीत मी स्वतः होतो. पत्नीच्या दीर्घ आजारपणात साठवलेलं संपलं. आता समितीतले लोक म्हणतात, अर्ज करा. माझा हात उचलत नाही. ‘घेण्यापेक्षा देण्यात अधिक धन्यता’ असं शास्त्रच म्हणतं ना? मुलांनाही मी कळवलेलं नाही.

उत्तर : बंधू, ते वचन प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायातलं, पौलाने इफिसच्या मंडळीच्या वडीलजनांना निरोप देताना सांगितलेलं. देण्यात अधिक धन्यता आहे, असं तो म्हणतो. घेण्यात धन्यता नाही असं तो म्हणत नाही. हाच पौल फिलिप्पैच्या मंडळीकडून कैदेत असताना मदत घेतो, आणि चौथ्या अध्यायात मोकळेपणाने लिहितो की माझ्या अडचणीत तुम्ही सहभागी झालात हे चांगलं केलंत. हात राबवून पोट भरणारा, कुणावर भार न टाकण्याचा अभिमान बाळगणारा माणूस तो. त्यालाही घ्यावं लागलं.

आणि प्रभू स्वतः? लूक ८ च्या सुरुवातीला मग्दालीया मरिया, हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना, सुसान्ना आणि इतर पुष्कळ स्त्रिया आपल्या पैशाअडक्याने त्याची आणि शिष्यांची सेवा करत होत्या, असं लिहिलं आहे. रोज त्यांच्या मदतीवर तो जगला. त्याचा जन्म दुसऱ्याच्या गोठ्यात झाला, आणि त्याला पुरलं तेही दुसऱ्याच्या कबरेत. घेण्यात कमीपणा असता तर त्याने हे आयुष्य निवडलं नसतं.

तुम्हाला थोडं कठोर वाटेल असं आता बोलते, कारण तुम्ही समितीत होता आणि मीही होते. तुम्ही किती तरी घरी गेलात आणि म्हणालात, ‘संकोच करू नका, हे देवाचं आहे.’ ते तुम्ही मनापासून म्हणत होता ना? मग आज ते तुमच्यासाठीही खरं आहे. ते तुमच्यासाठी खरं नसेल, तर त्या सगळ्या माणसांना त्या दिवशी आपण खाली बसवून आलो, असं होईल. मला तसं वाटत नाही. तुम्हालाही वाटत नसणार.

करिंथकरांना पौल समानतेविषयी लिहितो : आज तुमच्या विपुलतेतून त्यांची गरज भागावी, उद्या त्यांच्या विपुलतेतून तुमची. तो ‘उद्या’ तुमच्या दारात आला आहे. आमच्या निधीतून मदत घेणाऱ्या एक आजी होत्या. त्यांच्याकडे पैसा कधीच नव्हता. पण मंडळीतलं कुणी इस्पितळात असलं की रात्र जागायला त्या जात. घरच्यांना म्हणत, ‘तुम्ही झोपा, मला तशीही झोप येत नाही.’ घेणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव दर महिन्याला असायचं. देणाऱ्यांच्या यादीत ते लिहायला वहीत रकानाच नव्हता.

अर्ज करा. औषधांची बिलं आणि थकलेल्या देण्यांचा कागद जोडा. रक्कम गरजेइतकी लिहा, लाजेने कमी लिहू नका. कमी लिहिणारे पुन्हा यायला दुप्पट लाजतात आणि मधल्या काळात औषध बंद करतात, हे मी पाहिलं आहे. ओळखीच्या समितीपुढे बसणं जड जात असेल तर पाळकसाहेबांना एकट्याने भेटा आणि अर्ज त्यांच्या हाती द्या. आणि मुलांना फोन करा. ते तुम्हाला देणारे बाबा म्हणून ओळखतात. तुमच्यासाठी काही करायची संधी त्यांनाही मिळायला हवी. शक्य असेल तर आजच करा, औषधं संपायची वाट पाहू नका.